अठरा वेळा ‘चांगलं’

मिरजेत हॉस्पिटलांच्या रस्त्याला त्रिशला मगदूमचं दुकान होतं, आणि त्या दुकानात चालणारा धंदा एकदा मरून पुन्हा जिवंत झालेला होता.

तिचे वडील भूपाल मगदूम कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. त्यांच्या टेबलाच्या खणात पेनड्राइव्हची एक माळच असायची. एक विंडोजचा, दोन लिनक्सचे, एक मॅकचा, एक नुसता बिघाड शोधण्याचा. कुणाचंही मशीन अडकलं की त्या माळेतला एक मणी लागायचाच. पुढे यंत्रांच्या सिस्टिम हवेतूनच येऊ लागल्या, बदलू लागल्या, आणि ती माळ भंगारात गेली. त्रिशलाने दुकानात मोबाइलची कव्हरं लावून पाहिली. मग कुठल्याशा देशात कुणीतरी दूर बसून चारशे माणसांच्या शरीरातली यंत्रं एकाच सकाळी बंद पाडली. वर्षभरात कायदा झाला. शरीराला जोडलेल्या यंत्राची सिस्टिम हवेतून बदलायची नाही, हातात धरता येईल अशा वस्तूनेच बदलायची. पेनड्राइव्ह परत आले, फक्त चिंचोक्याएवढे होऊन आले. शेजारी हॉस्पिटलांची रांग असल्याने त्रिशलाला परवाना मिळाला आणि काम कमी पडेना.

नवीन माणसाला ती वडिलांच्याच शब्दांत समजावून सांगे. आधी उंबरा, मग घर. पेनड्राइव्हवर नुसती फाईल टाकून यंत्र त्यावरून सुरू होत नाही. यंत्र जागं होतं तेव्हा त्याला काहीच माहीत नसतं, आपण काय आहोत तेही नाही. त्याच्या पोटात कायमचा कोरलेला एक इवलासा प्रोग्राम तेवढा असतो. तो आधी बाहेर बघतो, कुणी आलंय का. बाहेर काही लावलेलं असेल तर त्याच्या अगदी पहिल्या कप्प्यात ठरलेली खूण शोधतो. खूण सापडली की तिथून पुढची पायरी, मग त्यापुढची, असं करत अख्खी सिस्टिम उभी राहते. खूण नसली की तो आत वळतो आणि जुन्याच सिस्टिमला उठवतो. प्रत्येक सिस्टिमची खूण वेगळी, कप्पे वेगळे. एकीसाठी बांधलेला उंबरा दुसरीला चालत नाही. आणि ड्राइव्ह लावून सुरू केलेलं सगळं तात्पुरतं असतं. काढला की गेलं, आत काही लिहिलं जात नाही. म्हणून आधी वापरून बघायचं आणि मग कायमचं भरायचं.

दहा मार्चला सकाळी दस्तगीर जमादार दुकानात आले ते यासाठीच. सोबत त्यांची बायको जैबून होती, आणि बोलली बरीचशी तीच.

दस्तगीरचाचा तंबोरे करत. वय बाहत्तर. आठ वर्षांपूर्वी तापात दोन्ही कान गेले, तेव्हा त्यांच्या डाव्या कानाच्या नसेवर शहाण्णव तारांची पट्टी बसवली होती. कानामागच्या डबीत मायक्रोफोन आणि सिस्टिम. डबी ऐकते, काय ठेवायचं काय गाळायचं ते सिस्टिम ठरवते, आणि उरलेलं तारांमधून नसेला पोचतं. कंपनीच्या तेव्हाच्या एका इंजिनिअरने चार महिने मिरजेत राहून ती सिस्टिम चाचांच्या तंबोऱ्यावर जुळवून दिली होती. आता कंपनी विकली गेली होती. जुन्या सिस्टिमचा परवाना एकतीस मार्चला संध्याकाळी सहाला संपत होता. त्याआधी एकदाच, फक्त एकदाच, आतली कोठी उघडून दुसरी सिस्टिम भरता येणार होती. मग कुलूप. नवीन यंत्र बसवायचं तर पुन्हा कवटी उघडावी लागली असती, आणि त्यांच्या हृदयाकडे बघून डॉक्टरांनी त्याला साफ नकार दिला होता.

चाचांच्या यंत्रावर चालतील अशा सिस्टिम तीन होत्या. ‘वाचा’ ही नव्या मालक कंपनीची, सगळीकडे चालणारी. ‘मुक्तश्रुती’ जगभरच्या बहिऱ्या प्रोग्रामरांनी मिळून लिहिलेली, फुकट, आणि रोज स्वतःहून काहीतरी शिकणारी. ‘पडसाद’ एका प्रयोगशाळेची, फारशी कुणी न वापरलेली. त्रिशलाने तिघींचे ड्राइव्ह बनवले. प्रत्येकावर मूळ फाईल जशीच्या तशी उतरली आहे की नाही ते आकडे ताडून पाहिलं, मग ड्राइव्हवर कुणाला काही लिहिता येऊ नये म्हणून तो बंद केला. चिंचोक्यावर नाव कुठे लिहिणार? तिने लक्ष्मी मार्केटमधून रेशमी दोऱ्याच्या तीन गुंड्या आणल्या आणि ड्राइव्हच्या भोकातून एकेक हातभर दोरा ओवला. वाचाला लाल, मुक्तश्रुतीला हिरवा, पडसादला पिवळा.

दोन दिवस एक रंग, असं तिने चाचीला बजावलं. मेंदूला नवी सिस्टिम अंगवळणी पडायला एक दिवस लागतो. पहिले काही तास सगळंच पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाटतं, जुन्या सिस्टिमवर परत आलं तरी तसंच. दुसऱ्या दिवशी चाचांनी एका तंबोऱ्याची जवारी काढायची, म्हणजे त्याचा झंकार जुळवायचा, आणि चाचीने वहीत लिहायचं. रंग, तंबोरा नंबर, किती वेळ लागला, जवारी लागली का, आणि बोलणं कसं ऐकू आलं. असे अठरा दिवस, नऊ तंबोरे.

“आणि बोलणं कुणाचं?” जैबूनने विचारलं.

“तुमचंच की, चाची. दिवसभर दुसरं कोण असतंय तिथं?”

अठ्ठावीस तारखेला वही हातात आली तेव्हा त्रिशलाने ती दोनदा वाचली आणि मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली.

जवारीच्या रकान्यात, चाचा सांगतील तसं, नऊ वेळा ‘लागली’ होतं. बोलण्याच्या रकान्यात अठरा वेळा ‘चांगलं’. सगळंच चांगलं असेल तर मोजायचं काय? फरक होता तो फक्त वेळात, आणि त्याला काही धरबंद नव्हता. लाल दोऱ्यावर पहिला तंबोरा दोन तासांत झाला, चौथ्याला अख्खा दिवस गेला, सातव्याला पुन्हा दोन तास. हिरवा आणि पिवळाही तसेच, कधी कमी वेळ आणि कधी दिवसभर. यंत्र तेच, माणूस तोच, सिस्टिम तीच. मग एकाच सिस्टिममध्ये तेच काम कधी दोन तासांत आणि कधी आठ तासांत कसं होतं?

तिने एका हॉस्पिटलातल्या कानाच्या तंत्रज्ञाला फोन केला. मेंदू सवय करून घेतो, तो म्हणाला. पण सवय झाली तर वेळ हळूहळू कमी व्हायला हवा, असा उलटसुलट नाही. तिने प्रयोगशाळेला ईमेल केला. उत्तर आलं की पडसाद घरच्या वापरासाठी कुणी अजून नीट तपासलेलीच नाही. खोलीत इतर आवाज असले तर बोलण्यातले दहातले चार शब्द कळतात, एवढीच नोंद आमच्याकडे आहे. चाचीच्या वहीत मात्र पिवळ्या दोऱ्याच्या सहाही दिवशी बोलणं ‘चांगलं’.

त्यात आणखी एक भर पडली. चौथ्या नंबरचा तंबोरा सांगलीच्या एका गानशिक्षिकेकडे गेला होता, तो परत आला. सोबत चिठ्ठी होती. तंबोरा पत्र्यासारखा वाजतो, जमादारांच्या हातचा आहे यावर विश्वास बसत नाही. पन्नास वर्षांत त्यांच्याकडे तंबोरा परत आला नव्हता. चाचांनी तो मांडीवर घेऊन चारी तारा छेडल्या होत्या, कान तिरका करून ऐकलं होतं आणि म्हणाले होते की बाईंचेच कान गेले असावेत.

एकोणतीसला त्रिशला स्वतः कारखान्यात गेली. कारखाना म्हणजे घराचीच पुढची लांब खोली. भिंतीला भोपळे टांगलेले, वर पंखा, खाली लाकडाचा भुसा. जैबून आत स्वयंपाकघरात होती. चाचा खाली बसून नवव्या तंबोऱ्याला शेवटचा हात देत होते. त्रिशलाने त्यांना इतक्या जवळून काम करताना कधी पाहिलं नव्हतं, म्हणून ती बाजूला बसून पाहत राहिली.

तंबोऱ्याची तार घोडीवर नुसती टेकत नाही. घोडीचा माथा सपाट असतो, आणि कानसेने घासून त्याला इतका मंद उतार दिलेला असतो की थरथरणारी तार त्याला हलकेच चाटून जाते. त्या चाटण्यातून एका सुराभोवती बारीक सुरांचं मोहोळ उठतं. तीच जवारी. घोडी आणि तार यांच्यामध्ये एक दोरा सरकवतात. त्याला हे लोक जीव म्हणतात. तो केसभर इकडे-तिकडे केला की मोहोळ मिटतं किंवा उघडतं.

चाचांनी दोरा सरकवला. तो हिरवा होता.

त्रिशला उठून जवळ गेली. शेजारच्या तंबोऱ्याच्या घोडीवर पाहिलं. चार तारांखाली दोन दोरे लाल, एक हिरवा, एक पिवळा. त्याच्या पलीकडच्यावर चारही पिवळे.

तिने काही म्हणायच्या आत चाचांनी तिची नजर पाहिली आणि खूश होऊन मान हलवली. दोरा फार चांगला निघाला म्हणाले. सुती दोरा दबतो. याला पीळ बरोबर आहे. पहिल्याच दिवशी हाताला लागला तेव्हा वाटलं, ही पोरगी हुशार आहे, सोबत दोराही दिलाय.

“चाचा, तो दोरा कशाला लावला होता मी?”

“खिळ्याला टांगायला.” त्यांना प्रश्नच कळला नव्हता. “लागेल तेवढा तोडला. उरला तो परत बांधला की. तिन्हींना बांधला, एकालाही तसा ठेवला नाही.”

“ज्याचा त्यालाच?”

चाचांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने विचारलं होतं, भुसा ज्या लाकडाचा त्यालाच परत चिकटवला का. पन्नास वर्षं या खोलीत जो दोरा आला तो जीव म्हणून आधी लावून बघितला गेला होता. लग्नातल्या मुंडावळ्यांचा, मिठाईच्या पुड्याचा, एकदा तर डॉक्टरने टाके घालून उरलेला. दोऱ्याचा पीळ बघायचा असतो, रंग बघायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्रिशलाने सांगितलं होतं ते चाचीला. आणि चाची रोज सकाळी खिळ्यावरचा ठरलेला रंग काढून देत होती, तो रंग काल रात्रीपर्यंत कुठल्या ड्राइव्हला होता हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं.

म्हणजे अठरा दिवसांची वही पाण्यात गेली होती. कुठल्या दिवशी चाचांच्या कानात कुठली सिस्टिम होती, ते आता यंत्रही सांगू शकत नव्हतं. ड्राइव्हवर काही लिहिलं जाऊ नये म्हणून त्रिशलानेच कुलूप घातलं होतं.

तिने ड्राइव्ह आपल्या कॉम्प्युटरला लावून कोण कोण आहे ते ओळखलं. लाल दोरा पडसादला होता. हिरवा वाचाला. पिवळा मुक्तश्रुतीला. पण हे आजचं. कालचं काय? आणि पुन्हा तपासायला वेळ कुठे होता? उरले अडीच दिवस, आणि एकेका सिस्टिमला कान बसायलाच एक दिवस हवा. तिघींपैकी एकीलाच संधी देता येणार होती. कोणाला?

ती तिथेच भुशात बसून राहिली. जैबून चहा घेऊन आली, तिला सगळं कळलं, आणि ती कपाळाला हात लावून हसली. मग परत आलेल्या चौथ्या तंबोऱ्याकडे हनुवटी करून म्हणाली, “हा बिघडलेला आहे हे मला त्याच दिवशी कळलं होतं. दिवसभर घासत होते. मी म्हटलं, आता थांबा. ऐकतील तर.”

त्रिशलाने कप खाली ठेवला.

तिला स्वतःला नऊही तंबोरे सारखेच वाटत होते. तिच्या लेखी ते चार तारांचं एक छान गुणगुणणं होतं. पण ही बाई पन्नास वर्षं भिंतीपलीकडे भाकऱ्या थापत ते ऐकत होती. तिला कधी कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

त्रिशलाने जैबूनला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि स्वतः एकेका तंबोऱ्याच्या तारा छेडू लागली. नंबर सांगत नव्हती, क्रमही उलटसुलट. जैबूनला प्रत्येकी दहा सेकंद पुरत होते. हा मेला. हा बरा. हा त्यांचा. हा मेला. दुसऱ्या फेरीत त्रिशलाने क्रम बदलला तरी निकाल एकातही बदलला नाही. चार मेलेले, दोन बरे, तीन ‘त्यांचे’. चाचांच्या चेहऱ्यावर आधी राग होता, नंतर नुसताच गोंधळ.

मग त्रिशलाने वहीतला वेळाचा रकाना शेजारी धरला. चारही मेलेल्यांना अख्खा दिवस लागला होता. तीन ‘त्यांचे’ प्रत्येकी दोन तासांत झाले होते. दोन बरे मधले. अठरा दिवसांच्या वहीत एकच रकाना खरं बोलत होता, आणि तो आता घड्याळासारखा जुळत होता.

पुढचं तिला हिशोबाने कळलं. वाचा ही बोलण्यासाठी बनवलेली सिस्टिम आहे. माणसाचं बोलणं सारखं बदलत असतं, म्हणून जे एकसारखं, न थांबता चालू राहतं ते तिच्या दृष्टीने पंखा, इंजिन, मिक्सर. ते ती गाळून टाकते. तंबोरा नेमका तसाच असतो, एकसारखा आणि न थांबता. वाचा चालू असताना चाचांना जवारी ऐकूच येत नव्हती, म्हणून ते घासत राहिले, इतके की शेवटी गाळूनही काहीतरी झणझणाट उरला. तो त्यांना जवारी वाटला. बाकीच्यांना पत्रा. मुक्तश्रुती रोज सकाळी नव्याने शिकून रोज वेगळं गाळत होती, ते दोन बरे तिचे. आणि पडसाद काहीच गाळत नव्हती. ते तीन तिचे.

“मग पिवळा... पडसाद का काय ते. तेच भर,” जैबून लगेच म्हणाली.

“थांबा, चाची. बोलण्याचं राहिलंय.”

“ते चांगलंच लिहिलंय की मी.”

त्रिशलाने तिच्याकडे पाहिलं. जैबून कप गोळा करू लागली.

त्या दुपारी चाचांच्या डबीला पडसादचा ड्राइव्ह लावला. या वेळी दोरा नव्हता. त्रिशलाने ड्राइव्ह डॉक्टरी पट्टीने डबीलाच चिकटवून टाकला. तीसचा दिवस कान बसण्यात गेला. एकतीसला सकाळी ती पुन्हा आली तेव्हा चाचा आपल्या वडिलांच्या हातचा एक जुना तंबोरा मांडीवर घेऊन बसले होते. तारा छेडत होते, थांबत होते, पुन्हा छेडत होते. ती आल्याचं त्यांना दिसलं पण त्यांनी हात थांबवला नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून त्रिशलाला वाटलं की प्रश्न सुटला. तरीही तिने परीक्षा घेतली, कारण तिची तशी पद्धतच होती.

पंखा चालू ठेवला. खिडकी उघडी, रस्त्यावर नेहमीची रहदारी. जैबूनला चाचांच्या पाठीमागे चार हातांवर उभं केलं आणि घरात रोज बोलते तशी दहा वाक्यं बोलायला सांगितलं. चाचांनी कळलेलं म्हणून दाखवायचं. त्यांना दोन कळली. त्यातलं एक ‘चहा घेता का’ हे होतं, आणि सकाळच्या दहा वाजता त्यांना ते न ऐकताही कळलं असतं.

त्रिशलाने वही उघडून जैबूनसमोर धरली. मग बोटाने रकाना दाखवत खाली खाली गेली.

जैबूनने पदराने तोंड पुसलं. “माझं बोलणं काय, पोरी. पन्नास वर्षं तेच आहे. भाजी काय करू, गोळी घेतली का, दार लावा. त्यांना सगळं पाठ आहे. एखादा दिवस नाही कळलं तर हाताने दाखवते. तंबोरा लागला नाही तर हा माणूस जेवत नाही, ते बघितलं नाहीस तू.”

चाचांना यातलं अक्षर कळलं नव्हतं. ते दोघींच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होते. भोपळ्यांवर नंबर घालायचा खडू आणि पाटी तिथेच होती. त्रिशलाने जैबूनचं बोलणं जसंच्या तसं पाटीवर लिहिलं आणि पाटी चाचांच्या मांडीवर ठेवली, वर वही.

त्यांनी आधी पाटी वाचली. मग वही, पहिल्या दिवसापासून, ओळीवर नख ठेवून.

“ही अठरा दिवस खोटं बोलली,” ते शेवटी म्हणाले, “आणि मला ते ऐकूसुद्धा आलं नाही.”

त्यांनी वही मिटली. मग पाटी पुसून त्यांनी स्वतःच्या हाताने त्यावर एक शब्द लिहिला. वाचा.

जैबून खवळली. तिने आधी तोंडाने सांगितलं, मग हातवारे करून, मग खडू हिसकावून पाटीवर. मेलेले चार तंबोरे तिने एकेक करून दाखवले. चाचा तिचं आवरेपर्यंत थांबले.

“तेच तेच बोलते म्हणतेस,” ते म्हणाले. “तंबोरा तरी काय करतो? तेच चार सूर. मी जन्मभर तेच ऐकलं ना?” आणि त्रिशलाकडे वळून, “नऊ तंबोरे परवा कुणी पारखले? मी नाही. मला वाटत होतं जवारी फक्त माझ्या कानात आहे. ती हिच्याही कानात होती आणि मी कधी विचारलं नाही. आता विचारीन. पण ही थांब म्हणाली तर ते मला ऐकू यायला नको का?”

चाचा डबी काढून ठेवून हातपाय धुवायला मागे गेले तेव्हा जैबूनने त्रिशलाला कोपऱ्यात ओढलं. तिच्या मुठीत पडसादचा ड्राइव्ह होता. तो तिने पट्टी सोडवून कधी काढून घेतला ते कळलं नव्हतं. हाच भर, ती म्हणाली. आजचा दिवस ते रागावतील. दुसऱ्या दिवशी जवारी ऐकली की त्यांचा राग जाईल. तू शिकलेली आहेस. त्यांना काय कळतंय आपल्या भल्याचं?

त्रिशलाला काय वाटत होतं, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. तंबोऱ्याशेजारचा सकाळचा तो चेहरा तिने पाहिला होता. चाचीचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि चाचांचंही नव्हतं. चूक कुठली हे शोधायची तिला सवय होती. दोन बरोबर उत्तरांमधून एक कसं काढायचं हे वडिलांनी शिकवलं नव्हतं. आणि कुलूप एकदाच लागणार होतं. तिला शेवटी एवढंच सुचलं की कान चाचांचा आहे.

“चाची, दोऱ्यामुळे झालं ते चुकून झालं,” ती म्हणाली. “हे चुकून होणार नाही.”

जैबूनने मूठ उघडायला बराच वेळ घेतला.

दुपारी दोन वाजता चाचांनी संमतीच्या कागदावर सही केली. त्रिशलाने वाचाचा ड्राइव्ह आधी कॉम्प्युटरला लावून त्याचं नाव पडद्यावर दोघांना वाचायला लावलं, आकडे ताडले, मग तो डबीला लावला. अकरा मिनिटं चाचा ठार बहिरे होते. ते वर पंख्याकडे बघत बसले आणि जैबून त्यांच्याकडे. मग डबीवरचा हिरवा ठिपका लागला. त्रिशलाने ड्राइव्ह काढला, डबी बंद करून पुन्हा चालू केली. पोटातल्या त्या इवल्या प्रोग्रामने बाहेर पाहिलं, कुणी नव्हतं. तो आत वळला. आत आता वाचा होती. चाचांनी तोंड वाकडं केलं, म्हणजे आवाज येऊ लागला होता. काय बोलताय ते कळत नाही, सगळा पत्रा आहे, ते म्हणाले. जैबून त्यावर जे म्हणाली ते त्यांना कळलं नाही हे बरंच झालं.

घरी जाताना आणि पुढचे तीन दिवस त्रिशलाला सारखं वाटत होतं की आपण चुकलो. मग वाटे, दुसरं केलं असतं तरी असंच वाटलं असतं.

चार एप्रिलला ती पाहणीसाठी गेली. चौथ्या तंबोऱ्याची जुनी घोडी काढून टाकलेली होती आणि नवीन घोडीवर चाचांची कानस चालू होती. जैबून जरा दूर, पाठ करून, तांदूळ निवडत बसली होती. खोलीत कुणी बोलत नव्हतं. चाचा दोन-तीन हात मारत, तारा छेडत आणि थांबून बायकोच्या पाठीकडे बघत. पाठ काही बोलली नाही की पुन्हा कानस. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. मग जैबून सुपातून मान वर न करता म्हणाली, “बस.”

चाचांनी कानस उचलली होतीच. ती घोडीला टेकवली आणि आणखी एक हात मारला.

“बस म्हटलं ना!”

“ऐकलं की,” चाचा म्हणाले, आणि त्यांनी कानस खाली ठेवली.

त्रिशलाने त्यांची डबी तपासली, तारांचे आकडे टिपून घेतले. तंबोरा कसा झाला ते तिला कळणार नव्हतं आणि चाचांनाही नाही, म्हणून तिने जैबूनला विचारलं. जैबूनने खिळ्याकडे बोट दाखवलं. वही तिथे टांगलेली होती, एका उरलेल्या हिरव्या दोऱ्याने. अठरा दिवस संपल्यावर लिहा असं तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी खाली दोन नव्या ओळी होत्या. रंगाच्या रकान्यावर काट मारलेली होती. कालच्या ओळीत लिहिलं होतं:

तंबोरा दोन, नवी घोडी. वेळ पाच तास. जवारी लागली, पण एक हात जास्त झाला, ऐकलं नाही. बोलणं: भांडण झालं.